क्लाइव्हची जहागीर: कंपनी आपल्याच माजी नोकराला सारा भरत होती त्याची केस

१७६३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ऑफिसातून कलकत्त्याला हुकूम सुटला, की लॉर्ड क्लाइव्हच्या माणसांना दरवर्षी जी रक्कम देताय ती बंद करा. रक्कम होती सुमारे २ लाख २२ हजार रुपये, तेव्हाच्या हिशोबाने वर्षाला साधारण २७ हजार पौंड. क्लाइव्ह तेव्हा कंपनीच्या नोकरीतही नव्हता, इंग्लंडात घरी होता, पार्लमेंटचा मेंबर होता, नावामागे लॉर्ड लागलेलं होतं, आणि तरी कंपनी त्याला दर वर्षी पैसे मोजत होती आणि ते सुद्धा पेन्शन किंवा बक्षीस म्हणून नव्हे, जमिनीचा सारा म्हणून. म्हणजे कलकत्त्याभोवतालच्या ज्या मुलखाची जमीनदार कंपनी होती, तिचा सारा घेणारा धनी होता कंपनीचाच माजी गव्हर्नर.

प्लासीत काय झालं ते आपण सगळे शाळेत शिकलोय, मीर जाफर फिरला, अमीचंदला खोटा कागद दाखवला वगैरे. पण क्लाइव्ह राजकारणात का पडला, एवढ्या पार्लमेंटच्या सीटा कशाला जमवल्या, सरकारं बदलली तशा बाजू का बदलल्या, ह्याचं उत्तर मला प्लासीपेक्षा ह्या जहागिरीच्या फायलीत जास्त सापडतं. तेव्हा ही एकच केस धरून बघू.

माणूस कोण

मुळात कारकून. १७२५ साली श्रॉपशरमध्ये मार्केट ड्रेटनजवळ जन्म, बाप वकील, घराणं जुनं, जमीन थोडीबहुत आणि पैशाची कायमची ओढाताण. पोरगा मारामाऱ्या करणारा, अभ्यासात लक्ष नाही, मग अशा पोरांचं तेव्हा जे करायचे तेच केलं, १७४३ मध्ये कंपनीच्या जहाजात बसवून मद्रासला धाडलं. हुद्दा 'रायटर', पगार वर्षाला ५ पौंड. पाच पौंडात कोणी जगत नव्हतं आणि जगावं अशी कंपनीची अपेक्षाही नव्हती, कारण कंपनीचा प्रत्येक नोकर स्वतःचा खासगी व्यापार करायचा आणि खरी कमाई तीच. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं भांडण ह्याच सवयीतून निघालंय, की नोकरी कंपनीची आणि धंदा स्वतःचा आणि दोघांच्या मध्ये भिंत अशी कुठे नाहीच.

क्लाइव्हचा पहिला मोठा पैसा लढाईतून आलेला नाही, किराण्यातून आलाय. १७४९ मध्ये त्याला मद्रासच्या फौजेला धान्य-सामान पुरवायचं काम मिळालं, त्यावर कमिशन, आणि १७५३ पर्यंत सुमारे ४० हजार पौंड गाठीला. मध्ये १७५१ चा अर्काटचा वेढा झाला, मूठभर माणसांनिशी पन्नासेक दिवस किल्ला धरला (त्यात शेवटी मुरारराव घोरपड्यांचे मराठे क्लाइव्हच्या मदतीला निघाले म्हणून वेढा घालणाऱ्यांचा धीर सुटला, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं), आणि कारकून एकदम हिरो झाला. १७५३ मध्ये मद्रासलाच मार्गारेट मॅस्कलिनशी लग्न केलं आणि इंग्लंडला परत.

परत जाऊन त्याने काय केलं तर बापाची कर्जं फेडली आणि १७५४ ची पार्लमेंटची निवडणूक लढवली. कॉर्नवॉलमधला मिचेल नावाचा एक फुटकळ मतदारसंघ, मतदार म्हणजे मोजून काही डझन, त्यांना पैसे चारायचे आणि निवडून यायचं ही तेव्हाची सर्रास रीत. निवडून आला, मग विरुद्ध पार्टीने तक्रार केली, १७५५ मध्ये पार्लमेंटने निवडणूकच रद्द केली. पैसे गेले, सीट गेली, आणि स्वारी पुन्हा हिंदुस्थानच्या जहाजात. तीस वर्षांचा व्हायच्या आत ह्या माणसाला एक धडा मिळालेला होता, की लंडनमध्ये नाव टिकवायचं तर एकदाच मिळालेलं घबाड पुरत नाही, दर वर्षी येणारं उत्पन्न लागतं.

विजयदुर्गचा एक प्रसंग

जाताना तो मुंबईत उतरला आणि इथे आपला संबंध येतो. फेब्रुवारी १७५६, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग, इंग्रज ज्याला घेरिया म्हणायचे. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचं आरमार, जमिनीवर क्लाइव्ह, आणि दुसरीकडून पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव. पेशव्यांनीच इंग्रजांना आपल्या सरदाराविरुद्ध बोलावलं, त्यावर शिव्या द्यायच्या त्या आपण वेगळ्या लेखात देऊ. इथे बघायचं ते एवढंच की तोफ डागण्याच्या आधी मुंबईत बसून लुटीची वाटणी ठरली, कोणाला कितवा हिस्सा, आणि त्यात आरमाराच्या लोकांनी क्लाइव्हला जहाजाच्या कॅप्टनच्या रांगेत बसवलं. त्याच्या लोकांनी कुरकुर केली, वॉटसन म्हणाला फरक मी माझ्या खिशातून देतो, आणि नंतर पैसे पाठवले तेव्हा क्लाइव्हने ते परत केले. १३ फेब्रुवारीला किल्ल्यात इंग्रज शिरले, मराठ्यांना आत येऊच दिलं नाही, सुमारे दहा लाखांचा ऐवज हाती लागला आणि रामाजीपंतांच्या हाती काही नाही.

ॲडमिरलचे पैसे परत करणारा क्लाइव्ह आणि दीडेक वर्षात मुर्शिदाबादच्या खजिन्यात शिरणारा क्लाइव्ह एकच माणूस आहे. मला वाटतं त्याच्या डोक्यात नियम साधा होता: बरोबरीच्या माणसाचे उपकार नकोत, पण हरलेल्या किंवा आपल्या जिवावर गादीवर बसलेल्या राजाकडून घेतलेलं ते आपल्या हक्काचं. ह्या नियमाबद्दल त्याला मरेपर्यंत कधी शंका आलेली दिसत नाही.

प्लासीचं बक्षीस आणि नंतरची जहागीर, ह्या दोन वेगळ्या गोष्टी

२३ जून १७५७ ला प्लासी झाली. मीर जाफर नवाब झाला आणि त्याने पैसे वाटले. क्लाइव्हच्या वाट्याला कमिटीचा मेंबर म्हणून २ लाख ८० हजार, सेनापती म्हणून २ लाख, आणि खासगी भेट म्हणून १६ लाख, मिळून २० लाख ८० हजार रुपये, पौंडात २ लाख ३४ हजार. सगळीकडे वाचायला मिळतो तो हाच आकडा.

जहागीर ह्यात नाही. ती दोन वर्षांनी आली, आणि कशी आली ते बघण्यासारखं आहे. मीर जाफरने दिल्लीच्या बादशहाकडून क्लाइव्हसाठी मनसब आणवली, ६ हजार जात आणि ५ हजार सवार (जात म्हणजे दरबारातला दर्जा, सवार म्हणजे पोसायचे घोडेस्वार), वर 'साबित जंग' वगैरे किताब. श्रॉपशरच्या वकिलाचा पोरगा कागदावर मोगली उमराव झाला. आता मनसब म्हटली की तिच्याबरोबर जहागीर येते, कारण मनसबदाराने घोडेस्वार पोसायचे ते कशावर? क्लाइव्हने ही गोष्ट मुर्शिदाबादचा बडा सावकार जगतसेठ ह्याच्या कानावर घातली, की उमराव तर केलंत, जहागीर कुठाय. अर्थात पाच हजार घोडे तो काही पोसणार नव्हता. नवाबाने तेव्हा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं असावं, पण १७५९ मध्ये शहजादा अली गौहर, पुढचा शाह आलम, फौज घेऊन पाटण्यावर आला, मीर जाफरच्या तोंडचं पाणी पळालं, क्लाइव्ह धावून गेला, शहजादा मागे सरला, आणि मग जहागीर मिळाली.

कुठली, तर चोवीस परगण्यांची. इथे जरा बारकाईने बघायला लागेल नाहीतर केस कळणार नाही. १७५७ च्या तहात कलकत्त्याच्या दक्षिणेचा हा सगळा मुलूख नवाबाने कंपनीला जमीनदारी म्हणून दिलेला होता, मालकी म्हणून नव्हे. कंपनीने रयतेकडून वसूल करायचा, त्यातली ठरलेली रक्कम नवाबाच्या खजिन्यात भरायची, उरलेलं कंपनीचं. नवाबाने १७५९ मध्ये एवढंच केलं की ती ठरलेली रक्कम आता मला देऊ नका, क्लाइव्हला द्या. नवाबाच्या खिशातून नवीन दमडी गेली नाही, फक्त येणारी थांबली. समजा तुमच्या कंपनीच्या मॅनेजरने ऑफिसच्या जागामालकाला एका अडचणीतून सोडवलं आणि मालकाने खूश होऊन जागेच्या भाड्याचा हक्क त्या मॅनेजरच्या नावावर करून दिला, आणि मॅनेजर सोमवारी येऊन अकाउंट्सला म्हणाला की ह्या महिन्यापासून भाड्याचा चेक माझ्या नावाने काढा, तर अकाउंट्सवाल्याचं तोंड कसं होईल, तसं लंडनच्या संचालकांचं झालं.

पण तोंड उघडलं नाही कोणी. प्लासीचा हिरो, अंगावर बंगालचा विजय, आणि तेव्हा कलकत्त्याचा गव्हर्नर तोच. पैसे सुरू झाले.

पैशाने काय काय विकत आलं

१७६० च्या जुलैत तो इंग्लंडला पोचला. पैसा बराचसा डच कंपनीच्या हुंड्यांतून पाठवलेला होता, कारण कंपनीच्या हुंड्यांतून एवढी रक्कम जाणं शक्य नव्हतं आणि सगळी आपल्याच मालकाच्या वहीत दिसावी असं कोणाला वाटेल? १७६१ मध्ये श्रूजबरीहून पार्लमेंटमध्ये, आणि ती सीट मरेपर्यंत सोडली नाही. बापाला माँटगोमेरीची सीट आधीच मिळालेली होती. मग १७६३ मध्ये वॉलकॉटची इस्टेट घेतली, जिच्याबरोबर बिशप्स कॅसल हा मतदारसंघ जवळजवळ फुकट आला, म्हणजे तिथले मतदार इस्टेटीच्या मालकाचं ऐकणारे. हळूहळू भाऊबंद, मेव्हणे, जुने दोस्त असे त्याच्या शब्दावर मत देणारे मेंबर जमले. पक्ष म्हणावा एवढे नाहीत, पण काठावरच्या सरकारला हवेहवेसे वाटतील एवढे नक्की.

आणि लॉर्डपण. १७६२ मध्ये बॅरन क्लाइव्ह ऑफ प्लासी. हे ऐकायला भारी वाटतं, पण ती आयर्लंडची उमरावकी होती. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचा हक्क तिच्यात नाही. ह्या किताबासाठी आयर्लंडमध्ये जमीन घेऊन तिला प्लासी नाव दिलं, म्हणजे बंगालातल्या आमराईचं नाव आयरिश शेताला. क्लाइव्हला हा अपमान वाटला, त्याला खरी ब्रिटिश उमरावकी हवी होती आणि ती शेवटपर्यंत मिळाली नाही. पण ह्यात एक सोय होती जी आपल्या केससाठी महत्त्वाची आहे: आयरिश लॉर्डला हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसता यायचं. म्हणजे किताबही आणि मतही. खऱ्या लॉर्डला मतदारसंघांच्या बाजारात स्वतः उभं राहता आलं नसतं.

त्या काळात एका पत्रात त्याने अगदी सरळ लिहिलंय, की आपली पुढची सत्ता आणि थाटमाट सगळं जहागिरीचे पैसे येण्यावर आहे, आणि जे आत्ता आपल्या वाटेला जात नाहीयेत त्यांच्याशी वैर घ्यायला आपण वेडे नाही. लोक क्लाइव्हला बेधडक म्हणतात, रणांगणावर असेलही, पण उत्पन्नाच्या बाबतीत हा माणूस बराच जपून होता.

सलिव्हनशी बिनसलं

ज्याच्याशी वैर नको होतं तो माणूस लॉरेन्स सलिव्हन, कंपनीचा चेअरमन राहिलेला वजनदार संचालक. हा आपल्या मुंबईत कंपनीच्या नोकरीत वर चढलेला, तिथल्या कौन्सिलात बसलेला, १७५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनला परत गेलेला, हिशोबाला पक्का आणि कामाला वाघ. मद्रास-बंगालच्या लढाऊ लोकांबद्दल ह्या मुंबईवाल्याला मुळातच फार प्रेम नव्हतं. आधी दोघांचं बरं होतं. मग सात वर्षांच्या युद्धानंतरच्या पॅरिसच्या तहावरून फाटलं. क्लाइव्हने पार्लमेंटमध्ये प्रधानमंत्री ब्युटच्या सरकारविरुद्ध मत दिलं, सलिव्हन सरकारच्या बाजूला, आणि मग क्लाइव्हने ठरवलं की सलिव्हनला कंपनीतूनच उखडायचं.

कंपनीचे २४ संचालक दरवर्षी निवडले जायचे. ५०० पौंडांचा शेअर असलेल्याला एक मत, आणि पाच हजारांचा असला तरी मत एकच. मग श्रीमंत लोक काय करायचे, आपले शेअर ५००-५०० च्या तुकड्यांत दोस्तांच्या, कारकुनांच्या, लांबच्या भाच्यांच्या नावावर करायचे, निवडणूक झाली की परत घ्यायचे. बोगस मतदार आपल्यालाही नवे नाहीत, पण इथे ते कायद्यात बसत होते. क्लाइव्हने ह्यात १ लाख पौंड घातले, म्हणजे २०० मतं. सलिव्हनच्या मागे सरकार होतं, त्यांनीही तेच केलं. एप्रिल १७६३, क्लाइव्हची पार्टी हरली. आणि लगेच सुरुवातीला सांगितलेला हुकूम निघाला.

हे सुडाने केलं का? माझ्या मते हो, निदान वेळ तरी सुडाची होती. चार वर्षं पैसे दिले तेव्हा कायदा आठवला नाही, निवडणूक जिंकल्यावर आठवला. पण सुडाने केलेली गोष्ट चुकीचीच असते असंही नाही ना.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

क्लाइव्ह चान्सरी कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं, की नवाब हा बादशहाचा सुभेदार, जहागीर द्यायचा अधिकार बादशहाचा, नवाबाने परस्पर दिलेली सनद चालणार नाही, आणि आमच्याच गव्हर्नरला आमच्यावर असा कायमचा हक्क सांगता येणार नाही.

क्लाइव्हचं उत्तर मला तरी बिनतोड वाटतं. तो म्हणतो, ठीक आहे, नवाबाला अधिकार नव्हता असं धरू, मग चोवीस परगण्यांची जमीनदारी तुम्हाला कोणी दिली? त्याच नवाबाने. माझी सनद खोटी तर तुमची पण खोटी. आणि माझा हक्क गेला म्हणून तुमचा सारा माफ होतो का? मला नाही तर नवाबाला भरा. म्हणजे पैसे देणं टाळता येत नाही, फक्त कोणाला द्यायचे एवढाच प्रश्न आहे.

इथे कंपनीची खरी अडचण होती. जहागीर नाकारायची तर आपण बंगालात कोणत्या कागदावर उभे आहोत हे कोर्टात उकरावं लागणार, आणि ते कोणालाच नको होतं. दुसरं म्हणजे १७६० मध्येच मीर जाफरला हटवून कंपनीने मीर कासीमला बसवलेलं होतं. देणारा गादीवर नाही, तरी देणगी चालू! ह्या वादात एकाही बाजूने चोवीस परगण्यांतल्या रयतेचा विषय काढायचा प्रश्नच नव्हता, भांडण वसूल झालेल्या पैशाच्या वाटणीचं होतं आणि वसूल कसा होतो हे दोघांच्याही फायद्याचं होतं.

पण नैतिक बाजूने बघाल तर क्लाइव्हची बाजू पडते. गव्हर्नर असताना, ज्या राजाला आपल्या फौजेने गादीवर बसवलं त्याच्याकडून, आपल्याच मालकाने भरायच्या रकमेवर हक्क घेणं, ह्याला आज कुठल्याही ऑफिसात नोकरी जाईल. पाटण्याला मदत करायला जी फौज नेली ती कंपनीच्या पगारावर होती, क्लाइव्हच्या नव्हे.

कोर्टाने सोडवलं नाही, घबराटीने सोडवलं

केस कोर्टात पडून राहिली असती, पण फेब्रुवारी १७६४ मध्ये बंगालची बातमी आली. मीर कासीमशी युद्ध, पाटण्याला इंग्रज कैद्यांची कत्तल. शेअरहोल्डर घाबरले, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, क्लाइव्हला पाठवा. मग साहेबांनी भाव खाल्ला. सलिव्हनच्या हाती कंपनीचा कारभार असेपर्यंत जाणार नाही म्हणाला. एप्रिलच्या निवडणुकीत दोन्ही पार्ट्या जवळजवळ बरोबरीत सुटल्या, पण चेअरमनकी क्लाइव्हच्या बाजूच्या थॉमस राउसकडे गेली. नवीन प्रधानमंत्री ग्रेनव्हिलनेही क्लाइव्हला हात दिला, कारण तोवर क्लाइव्हने आपले मेंबर ग्रेनव्हिलच्या पारड्यात टाकले होते. काल ब्युटच्या विरोधात, आज ग्रेनव्हिलच्या सोबत, तत्त्व शोधत बसलात तर डोकं दुखेल, जहागीर समोर ठेवलीत की सगळं सरळ दिसतं.

तडजोड झाली: ५ मे १७६४ पासून दहा वर्षं, क्लाइव्ह जिवंत असेपर्यंत, जहागीर चालू. महिन्याभरात तो जहाजात बसला.

एप्रिल १७६५ मध्ये मद्रासला उतरला तेव्हा मध्यंतरी पुन्हा नवाब केलेला मीर जाफर मेल्याचं कळलं, आणि आता बंगाल सगळाच आपल्या हातात येणार हेही. त्याने लंडनच्या आपल्या मुखत्यारांना सांकेतिक भाषेत पत्र टाकलं, की माझा असेल तो सगळा पैसा आणि माझ्या नावावर काढता येईल तेवढं कर्ज, मिनिट न घालवता कंपनीच्या शेअरमध्ये घाला. आजच्या भाषेत इन्सायडर ट्रेडिंग, दुसरं काय. त्यावेळी त्याला नाव नव्हतं आणि कायदाही नव्हता. पुढे बातमी फुटल्यावर शेअर उसळले आणि कंपनीचा डिव्हिडंड ६ टक्क्यांवरून १० आणि मग साडेबारावर गेला.

ऑगस्ट १७६५ मध्ये अलाहाबादला शाह आलमकडून बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी. हा तोच शहजादा बरं का, ज्याला सहा वर्षांपूर्वी पाटण्यावरून हाकलल्याबद्दल जहागीर मिळाली होती! आता त्याच्याचकडून क्लाइव्हने ती जहागीर पक्की करून घेतली, दहा वर्षं माझी आणि नंतर कायमची कंपनीची. सलिव्हनच्या लोकांचा जो मुद्दा होता की बादशहाची मंजुरी नाही, तो मुद्दाच संपवला. ह्या पठ्ठ्याचं डोकं कागदाच्या बाबतीत किती चालायचं ते इथे दिसतं.

मात्र दिवाणीने आणखी एक गोष्ट बदलली. आता बंगालचा वसूल कंपनीच गोळा करणार आणि खर्च वजा जाता उरलेलं कंपनीचंच. म्हणजे जहागीर नसती तर चोवीस परगण्यांचा तो सारा कंपनीच्याच तिजोरीत आला असता. १७५९ मध्ये नवाबाचं नुकसान होतं, १७६५ पासून ते थेट शेअरहोल्डरचं नुकसान झालं, आणि तरी १७६७ मध्ये तो परत आल्यावर त्याच शेअरहोल्डरनी जहागीर आणखी दहा वर्षं वाढवून दिली, आणि ह्यावेळी वारसांसकट. डिव्हिडंड चढत असताना कोण हिशोब तपासतो?

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. मीर जाफरने मृत्युपत्रात त्याला ५ लाख रुपये ठेवले होते, ते त्याने घेतले नाहीत, जखमी-म्हातारे सैनिक आणि त्यांच्या बायकांसाठी फंड केला, आणि तो पुढे लॉर्ड क्लाइव्ह फंड म्हणून बरीच वर्षं चालला. त्याच वेळी तो बंगालातल्या इतर नोकरांना नवाबांकडून भेटी घ्यायला बंदी घालत फिरत होता. त्या पोरांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. स्वतः वर चढून शिडी ओढून घेतली म्हणून हे सगळे लोक पुढे लंडनला जाऊन त्याचे शत्रू झाले, आणि सलिव्हनला आयती फौज मिळाली.

१७७२-७३: पार्लमेंट

१७६९-७० चा बंगालचा दुष्काळ, एक तृतीयांश लोक गेले असं तेव्हाच म्हटलं जायचं, आणि त्यातही वसुली चालू होती. त्याच्या पाठोपाठ कंपनीच कर्जात. १७७२ मध्ये सरकारकडे कर्ज मागायला गेली. मग सगळ्या लंडनला एकदम नबाबांचा राग आला, म्हणजे हिंदुस्थानातून पैसे घेऊन आलेल्या लोकांचा, आणि सगळ्यात मोठा नबाब क्लाइव्ह. जनरल बर्गोइनच्या हाताखाली चौकशी कमिटी बसली. (हाच बर्गोइन पाच वर्षांनी अमेरिकेत साराटोगाला शरण गेला.) क्लाइव्हने तक्रार केली की मला मेंढीचोरासारखं उलटतपासलं, आणि मुर्शिदाबादच्या खजिन्याचं वर्णन करताना, दोन्ही बाजूंना सोनं आणि जवाहीर रचलेलं होतं आणि आपण किती थोडं घेतलं ह्याचंच आता आश्चर्य वाटतं, अशा अर्थाचं ते प्रसिद्ध वाक्य बोलला.

मे १७७३ मध्ये बर्गोइनने आधी ठराव पास करून घेतला की फौजेच्या जोरावर किंवा तहाने मिळवलेलं सगळं सरकारचं. ह्या तत्त्वाने जहागीर सुद्धा गेली असती. मग प्रत्यक्ष क्लाइव्हवर ठराव आला, रात्रभर चर्चा, शेवटी १५५ विरुद्ध ९५ मतांनी ठरावातली धार काढून टाकली. राहिलं एवढंच की क्लाइव्हला २ लाख ३४ हजार पौंड मिळाले होते, आणि त्याला जोडून, त्याने देशाची मोठी आणि मोलाची सेवा केली. पैसे मिळाले हे खरं, सेवा केली हेही खरं, आता घरी जा.

अंतिम ठरावात आकडा कोणता ते बघा. २ लाख ३४ हजार. १७५७ चा. जहागिरीचा आकडा तिथे नाही. कागद पक्के होते, बादशहाची मंजुरी होती, शेअरहोल्डरनी दोनदा मत देऊन मान्यता दिलेली होती, आणि कोर्टाच्या निकालाची वाट न बघता तडजोडीने मिटवलेली होती. १७६३ मध्ये सलिव्हनने ती बंद केली नसती तर कदाचित एवढी पक्की झालीच नसती, नवाबाची एक कच्ची सनद म्हणून लटकत राहिली असती आणि बर्गोइनने पहिल्यांदा तिच्यावरच हात टाकला असता. भांडणाने तिला टिकाऊ केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच वर्षीच्या रेग्युलेटिंग ॲक्टमध्ये एका मतासाठी ५०० चे १००० पौंड केले आणि शेअर वर्षभर नावावर असल्याशिवाय मत नाही असं ठरलं. शेअर फोडून निवडणूक जिंकायच्या त्या खेळावर असा बांध पडला, पण क्लाइव्हला आता त्या खेळाची गरजही उरली नव्हती.

२२ नोव्हेंबर १७७४ ला लंडनला बर्कली स्क्वेअरच्या घरी तो मेला, वय ४९. आत्महत्या असंच बहुतेक जण मानतात, अफूची सवय होती, दुखणी होती. ह्यावर खूप चघळून झालंय, आपल्या केसशी त्याचा संबंध नाही.

संबंध आहे तो मुलाशी. एडवर्ड क्लाइव्हला वारस म्हणून जहागीर १७८४ पर्यंत मिळत राहिली. १७६४ ते १७८४ ही वीस वर्षं गुणिले २७ हजार म्हटलं तर ५ लाख ४० हजार पौंड होतात, मोटामोटी हिशोब, मध्ये काही कमीजास्त झालं असेल, आणि १७५९ ते १७६३ चे पैसे ह्यात धरलेलेच नाहीत. ज्या बक्षिसावरून पार्लमेंटने रात्र जागवली त्याच्या दुपटीहून जास्त. १७८४ मध्येच एडवर्डने पॉविसच्या अर्लच्या घराण्यातली हेन्रिएटा हर्बर्ट केली. बापाला जी ब्रिटिश उमरावकी मिळाली नाही ती त्याला १७९४ मध्ये मिळाली, १७९८ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि तो त्या खुर्चीवर असतानाच १८०३ मध्ये मद्रासच्या फौजेतून निघालेला आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्यात पोचला. पुढच्या वर्षी, म्हणजे १८०४ मध्ये, एडवर्ड स्वतःच पॉविसचा अर्ल झाला.